उसने परत मिळणं वेगळं, वाटा मिळणं वेगळं: पूल टीमच्या बक्षिसाचा हिशोब

पूलची (टेबलावर स्टिकनं बॉल पाडायच्या खेळाची) टीम कुठलीबी असू द्या, कोल्हापुरात राजारामपुरीतल्या पार्लरात जमलेली किंवा ऑफिसातल्या पोरांची, बक्षिसाचे पैसे आले की दहा मिनिटांत एकजण हमखास म्हणतो, "त्या दोघांना जास्त कसे काय?" आणि मग रात्री एकपर्यंत ग्रुपवर मेसेज, अंगठे, रागाच्या बाहुल्या. हेच मी इतक्यांदा समजावून सांगितलंय की आता टाइप करूनच ठेवतो, पुढच्या वेळी सरळ फॉरवर्ड करणार.

वाटणी म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. बक्षीस भागिले माणसं, संपला विषय. लहानपणी आईनं एक वडी तिघांत मोडून दिली तेव्हाच ते शिकून झालंय. गंडतात लोक ते परतफेडीला. टीमसाठी कुणीतरी खिशातून घातलेले पैसे त्याला परत देणं ही परतफेड, आणि खर्च फिटल्यावर उरलेलं सगळ्यांनी घेणं ही वाटणी. दोन्ही वेळी फोनपेवर "पैसे आले" असाच आवाज येतो म्हणून दोन्ही एकच वाटतं. नाहीये.

आकडे घेऊया, त्याशिवाय डोक्यात जाणार नाही. सहाजणांची टीम, एन्ट्री फी ३,०००. भरायच्या दिवशी चौघांचं "भर तू, नंतर देतो" असलं चाललेलं, म्हणून दोघांनीच १,५०० - १,५०० भरले. टीम दुसरी आली, १५,००० मिळाले. आता गडबड काय होते, तर कॅप्टन मोबाईल काढतो, १५,००० भागिले ६, प्रत्येकी २,५००, सेंड. सगळे खूश. पण बघा की, ज्यांनी भरले होते त्यांच्या हातात शेवटी १,००० राहिले आणि ज्यांनी एक रुपया घातला नाही त्यांच्या हातात पूर्ण २,५००. म्हणजे ज्यानं जोखीम घेतली त्यालाच कमी!

बरोबर हिशोब असा. १५,००० मधनं आधी ३,००० बाजूला, ते त्या दोघांचे उसने, १,५०० - १,५०० परत. राहिले १२,०००, भागिले सहा, २,०००. दोघांच्या खात्यावर ३,५०० गेले आणि चौघांच्या २,०००. इथंच बोंब सुरू होते, "आम्हाला दोन आणि त्यांना साडेतीन?" अरे बाबा, त्यांनाबी दोनच मिळालेत. वरचे दीड हजार त्यांचेच होते, तुमच्या कामाला महिनाभर बिनव्याजी वापरलेत.

आपल्याकडं हे कुणाला कळू नये याचंच मला नवल वाटतं. ऊसाचं बिल निघालं की सोसायटी आपलं कर्ज आधी कापून घेते आणि उरलेलं आपल्या खात्यावर येतं. सोसायटीनं कापून घेतलं म्हणून सोसायटी आपल्या ऊसात वाटेकरी झाली असं आजवर कोण म्हणालंय का? रान वाट्यानं लावतानासुद्धा बी-खत कुणी घातलं ते आधी काढतात आणि मग निम्मं-निम्मं करतात. रानात बरोबर कळतं, टेबलाजवळ आलं की विसरतं.

आणि विसरायचं कारण मला सापडलंय. सहाजणांनी पाचशे-पाचशे सारखेच घातले असतील तर खर्च आधी काढा नाहीतर काढू नका, काही फरक पडत नाही. सरळ २,५०० वाटले काय, किंवा ५०० परत आणि वर २,००० दिले काय, तेवढेच. बहुतेक टीमची पहिली स्पर्धा अशीच असते, सगळे उत्साहात, सगळ्यांनी वेळेवर दिलेले. मग चुकीची पद्धत बरोबर उत्तर देते आणि तीच अंगवळणी पडते. दुसऱ्या-तिसऱ्या स्पर्धेला कुणीतरी सांगलीला जायला गाडीत डिझेल टाकतो, कुणी सगळ्यांचे टी-शर्ट करून आणतो, तिथनं पुढं रडारड.

तरी पटत नसेल तर हरून बघा. समजा तीच एन्ट्री फी ३,००० आणि टीमला कसंबसं २,००० चं बक्षीस. आता वाटणी शून्य, कारण उरलंच काही नाही. पण परतफेड? ती आहेच की. २,००० त्या दोघांना हजार-हजार गेले, तरी १,००० फिटायचे राहिले, ते सहाजणांचं नुकसान, प्रत्येकी १६७ च्या आसपास. म्हणजे चौघांनी १६७-१६७ काढून द्यायचे, दोघांना साधारण ३३३-३३३ मिळणार, त्यांचेबी १६७ बुडाले. काहीच बक्षीस नाही मिळालं तर चौघांनी पाचशे-पाचशे द्यायचे. वाटणी जिंकल्यावरच होते, परतफेड हरलं तरी चुकत नाही. हे एवढं ज्याला कळलं त्याला पुढचं वाचायची गरज नाही, पण हरल्यावर १६७ रुपये पाठवणारा माणूस मी अजून बघितला नाही.

ह्यात पार्लरातल्या सवयीचा मोठा हात आहे. आपल्याकडं टेबलाचं भाडं हरणाऱ्यानं द्यायचं असा अलिखित कायदा आहे, तो दोघांत खेळताना ठीक, मजा येते. पण तीच अक्कल टीममध्ये आणली की "मी माझी फ्रेम जिंकलो, मग मी एन्ट्री फी का भरू" असली वाक्यं ऐकायला मिळतात. आमच्यातला एकजण हे खरोखर बोलला होता आणि त्यावर दोघांनी मान डोलावली होती! गंमत म्हणजे ह्या खेळाचं नावच मुळात वर्गणीवरनं आलंय. पूल म्हणजे सगळ्यांनी मिळून लावलेली रक्कम (शिवाजी पुलाशी संबंध नाही), अमेरिकेत पूलरूम म्हणजे घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावायची खोली असायची, तिथं वेळ घालवायला टेबलं ठेवली आणि नाव खेळाला चिकटलं. सगळ्यांनी घातलेली रक्कम हा अर्थ नावातच बसलाय आणि आम्ही मात्र कुणी किती घातले ते लिहून ठेवत नाही.

आता रश्श्याचं. जिंकलो की रस्सा मंडळ ठरलेलं, त्यात वाद नाही, तांबडा-पांढरा झालाच पाहिजे. पण ते जेवण "खर्चात" धरून बक्षिसातनं आधी वळतं करणं ही माझ्या मते शुद्ध लबाडी आहे. एन्ट्री फी भरल्याशिवाय खेळता येत नव्हतं, मटण खाल्ल्याशिवाय खेळता येत होतं. म्हणून ती परतफेड नाही, तो आपापल्या वाट्यातला खर्च. टीममध्ये एकजण माळकरी असतो, एकाचा शनिवार असतो, त्यांनी तुमच्या मटणाचे पैसे का द्यायचे? आधी वाटा, मग ज्याला यायचंय त्यानं वर्गणी काढून यावं. स्वतःची स्टिक, टिप, ग्लोव्ह हेबी ज्याचं त्याचं. बेस्ट प्लेअरचं बक्षीस ज्याला मिळालं त्याचं, त्यात टीमनं हात घालू नये, फार तर त्यानं चहा पाजावा.

राहता राहिला प्रश्न की ते १२,००० सारखेच वाटायचे का. सगळे सारखेच खेळले असतील तर हो. नसतील तर खेळलेल्या मॅचवर बघा, जिंकलेल्या मॅचवर अजिबात नको. कोल्हापूरकराला हे जड जातं, कारण आपण खासबागेत कुस्त्या बघून वाढलोय, तिथं इनाम ज्यानं पाठ लावली त्याचं. पण कुस्तीत जोड दोघांची असते, टीमची नसते. जिंकण्यावर पैसे ठेवले की समोरच्या टीमच्या सगळ्यात डेंजर खेळाडूसमोर कोण उभा राहणार? कोणच नाही, सगळ्यांना सोपा गडी पाहिजे. अमेरिकेतल्या एपीए ह्या हौशी लीगमध्ये एट-बॉल ह्या पूलच्या प्रकारात प्रत्येक खेळाडूला २ ते ७ असा दर्जा देतात (७ म्हणजे सगळ्यात भारी) आणि एका दिवशी खेळणाऱ्या पाचजणांची बेरीज २३ च्या वर जाऊ देत नाहीत. दोन सात खेळवले की उरलेल्या तिघांना मिळून नऊच. म्हणजे ते दोन वाघ खेळू शकतात तेच मुळी तीन नवख्या पोरांच्या जिवावर, ती पोरं हरली म्हणून त्यांना वाटा नाही म्हणालात तर पुढच्या वेळी वाघांनाबी घरीच बसावं लागणार.

माझी पद्धत सांगतो, आवडली तर घ्या. निम्मे सारखे, निम्मे मॅचवर. चार फेऱ्या, फेरीला पाचजण, म्हणजे वीस मॅच. ६,००० सहाजणांत, प्रत्येकी १,०००. उरलेले ६,००० भागिले वीस, मॅचला ३००. चारही फेऱ्या खेळलेल्या चौघांना २,२०० - २,२००, तीन खेळला त्याला १,९००, आणि जो एकदाच उतरला त्याला १,३००. तो एकदाच उतरलेला बाकी तीन फेऱ्या बाकावर बसून होता, पाणी आणत होता, तो नसता आणि कुणाला ताप आला असता तर टीम बादच होती. त्याला १,३०० जास्त वाटत असतील तर मग तुम्ही कधी रिझर्व्ह बसलेला नाही.

आणि हे सगळं स्पर्धेच्या आधी ग्रुपवर टाकायचं, कुणी किती घातले त्याच्यासकट. बक्षीस मिळाल्यावर नियम सांगितला की तो कितीबी सरळ असू द्या, समोरच्याला तो आपल्याविरुद्धच केलाय असं वाटतं. आमच्या ग्रुपवर आता एन्ट्री फी भरल्या भरल्या पावतीचा फोटो आणि खाली चार ओळी टाकतो. मागच्या वेळी हरलो त्याचे १६७ अजून चौघांकडनं यायचेत, तेबी त्याच मेसेजमध्ये लिहितो.