वीस दिवसांमागे एक: भरपगारी रजेची पार्श्वभूमी

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सोलापूरचा बँक कर्मचारी रजा टाकतो आणि यंत्रमागावरचा कामगार खाडा करतो. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला दोघे एकाच गर्दीत उभे असतात. फरक कळतो तो पगाराच्या दिवशी. एकाचा दिवस भरलेला, दुसऱ्याचा कापलेला. हा फरक कसा पडला, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

‘जुनी मिल’ या कापड गिरणीचा भोंगा सोलापुरात १८७७ पासून वाजू लागला, तेव्हा गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टीही हक्काची नव्हती. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून ती मागणी लावून धरली. १८९० मध्ये रविवार मिळाला, पुढच्याच वर्षी फॅक्टरी कायद्यातही साप्ताहिक सुट्टी आली. पण ही सुट्टी विनावेतन. काम नाही, तर दामही नाही. सुट्टी घेऊनही मजुरी मिळावी, ही कल्पना गिरणीमालकांनाच काय, कामगारांनाही तेव्हा लांबचीच वाटली असणार.

जगात ही कल्पना कायद्यात पक्की झाली ती मुख्यतः १९३६ मध्ये. फ्रान्समध्ये मे-जूनमध्ये कामगारांनी कारखान्यांतच ठाण मांडले. पंतप्रधान लेऑन ब्लूम यांच्या सरकारने २० जूनला दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला, आणि कामगारांना गावी-समुद्रकाठी जाता यावे म्हणून रेल्वेची सवलतीची तिकिटेही काढली. चारच दिवसांनी जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने वर्षाला किमान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार मंजूर केला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात कलम २४ मध्ये पगारी सुट्टी आली, आणि १९७० च्या नव्या कराराने किमान तीन आठवडे ठरवले. युरोपीय संघात आज चार आठवडे हा तळ आहे. अमेरिकेत मात्र खासगी नोकरदाराला एकाही दिवसाची हमी देणारा केंद्रीय कायदा अजून नाही. जपानची अडचण वेगळीच. तिथे रजा असून लोक घेत नाहीत, म्हणून २०१९ पासून किमान पाच दिवस रजा घ्यायला लावण्याची जबाबदारी मालकावर आहे.

आपल्याकडे हे पाऊल पडले तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४५ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतल्या प्रौढ कामगाराला वर्षाला दहा दिवस भरपगारी रजा मिळाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ते गणित बदलले: दर वीस दिवसांमागे एक दिवस. १९५४ च्या दुरुस्तीने त्याला आदल्या वर्षी २४० दिवस काम केल्याची अट जोडली. म्हणजे २४० भरले की बारा, २३९ भरले तर शून्य! त्याच कायद्यात फारसे कुणी सांगत नाही असे एक कलम होते. चार किंवा जास्त दिवसांची रजा मंजूर झाली, तर त्या दिवसांची मजुरी रजेवर निघण्याआधी द्यायची. हातात पैसे नसताना रजा काय कामाची, हे लिहिणाऱ्याला कळत होते.

गिरण्या चालू होत्या तोवर मस्टर होते, हजेरी होती, युनियन होती. २४० मोजता येत होते. गिरण्या बंद पडत गेल्या आणि चादरी-टॉवेलचे काम छोट्या छोट्या यंत्रमाग खात्यांवर, म्हणजे मागांच्या शेडवर आले. १९४८ चा कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या, दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी होता. त्याहून लहान खाते सहज बाहेर राहते. मजुरी उक्ती, म्हणजे कामाच्या नगावर असली, तरी त्या कायद्यात तिची सोय होती: आधीच्या महिन्याच्या कमाईची रोजची सरासरी काढून रजेचा पगार द्यायचा. सोय कागदावर होती. नोंदच नसेल, तर सरासरी कशाची काढणार?

विडीचे तसेच. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या, पान-तंबाखू घरी नेऊन विड्या वळणाऱ्या बाईला १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने कामगार मानले आणि वीस दिवसांमागे एक दिवस रजा दिली. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. त्यावर देशभरच्या विडीधंद्यात पळवाट निघाली ती कागदोपत्री खरेदी-विक्रीची: पान-तंबाखू बाईला ‘विकायचा’ आणि विड्या तिच्याकडून ‘विकत घ्यायच्या’. मग मालकच उरत नाही, आणि रजेचा प्रश्नही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेने २४० ची अट १८० वर आणली आहे. अट सोपी झाली, हे खरेच. सोलापुरात मात्र घासाघीस १८० या आकड्यावर होणार नाही. ते १८० दिवस कुणाच्या वहीत लिहिले गेले, यावर होईल.