शिडावरचा नंबर पाठवू नका
(जुन्या डिंगीचा, म्हणजे लहान शिडाच्या होडीचा, इतिहास शोधून हवा असलेल्या ग्राहकांसाठी)

दुरुस्तीच्या चौकशीपेक्षा हल्ली आम्हाला एकच प्रश्न जास्त येतो: "आमच्या बोटीचा सातबारा काढून मिळेल का?" मिळतो. दर वेळी मिळतोच असं नाही, पण बऱ्याचदा मिळतो. फक्त स्कूटरसारखं या बोटींना आरसी बुक नसतं हे लक्षात घ्या. बिनइंजिनाच्या, बारा-चौदा फुटी शिडाच्या होडीचे मालक कोण कोण झाले हे लिहून ठेवणारं आरटीओसारखं ऑफिस नाही. नोंद असते ती त्या त्या क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटींच्या, असोसिएशनकडे, मोजमापाच्या दाखल्यावर आणि क्लबांच्या वह्यांमध्ये. तिथवर पोचायला बोटीच्या अंगावरचा नंबर लागतो. आणि नेमकी तिथेच गाडी अडते.

दहातले सात-आठ ग्राहक व्हॉट्सअॅपवर शिडाचा फोटो पाठवतात. निळं शीड, त्यावर ठळक आकडे. मग वाटणारच की हाच नंबर. पण शिडं बदलतात. चार-पाच सीझनमध्ये कापड ढिलं पडतं, मग कुणी दुसऱ्या बोटीचं जुनं शीड स्वस्तात घेतं, कुणी शर्यतीपुरतं मित्राचं मागून आणतं आणि ते परत द्यायचं राहून जातं. क्लबात तर एकाच खोलीत सगळी शिडं. ज्याच्या हाताला जे लागेल ते डोलकाठीवर चढतं. पुण्याच्या एका ग्राहकाने असाच फोटो पाठवला होता. आम्ही विश्वासाने इंग्लंडला, त्या क्लासच्या असोसिएशनला लिहिलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं: या नंबरची बोट फायबरची आहे. आमच्यासमोर होती ती प्लायवूडची! सहा आठवडे पाण्यात, आणि तिकडच्या माणसाला दुसऱ्यांदा त्रास देताना आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. तेव्हापासून नुसत्या शिडाच्या फोटोवर आम्ही काम सुरू करत नाही. काही जणांना हा अडेलतट्टूपणा वाटतो. वाटू दे.

खरा नंबर बोटीत कोरलेला असतो. लाकडी बोटीत आधी हॉगवर पाहा. हॉग म्हणजे तळाच्या मधोमध आतून लांबवर गेलेली जाड पट्टी. सेंटरबोर्डच्या (बोट आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या पुढेमागे ती उघडी दिसते. तिथे नसेल तर ट्रान्समच्या, म्हणजे मागच्या उभ्या फळीच्या, आतल्या बाजूला पाहा. फायबरच्या बोटीवर बहुधा पाटी असते. ऑप्टिमिस्टसारख्या क्लासमध्ये तर बांधणीच्या पाटीशिवाय बोट मोजायलाच घेत नाहीत.

रंगाच्या पाचसहा थरांखाली आकडे बुजलेले असतात. म्हणून घासायला जाऊ नका. हे खरंच कळकळीने सांगतो आहोत. फर्निचरवाल्या पॉलिशवाल्याला बोलावून, मशीन लावून, आतून बोट कोरी करकरीत करून आणलेली आम्ही पाहिली आहे. तिचा नंबर भुशाबरोबर गेला. तुम्ही एवढंच करा: संध्याकाळी टॉर्च आडवा धरा, लाकडाला जवळजवळ टेकवून. सरळ उजेडात जे दिसत नाही ते आडव्या उजेडात सावली धरतं. मग त्या जागेवर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, लहानपणी नाण्याचा छाप घ्यायचो तशी. १ आणि ७, ३ आणि ८ यांची गल्लत फोटोत होते, छापात सहसा होत नाही. तो कागद घडी न घालता, गुंडाळी करून पाठवा.

बोटीवर इतरही आकडे असतात, त्यांना भुलू नका. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगाने टाकलेला मोठा आकडा बहुतेक वेळा क्लबचा स्वतःचा असतो. लिलावात घेतलेल्या बोटीवर लॉट नंबर असतो. एका ग्राहकाने तो हौसेने पितळी पाटीवर कोरून घेतला होता. आणि जुन्या शिडावरचं 'के' हे अक्षर म्हणजे कोलकाता नव्हे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिडावर ते ब्रिटनचं अक्षर होतं, पुढे 'जीबीआर' आलं.

क्लास कोणता हे आम्ही फोटोवरूनही सांगतो, त्याचे पैसे नाहीत. निळी शिडं एंटरप्राइजची. जॅक होल्ट यांनी आखलेली ही बोट 'न्यूज क्रॉनिकल' या लंडनच्या दैनिकाने १९५६ साली लोकांपुढे आणली. शिडावर घंटा असेल तर जीपी १४. पुढून बोथट नाक आणि लाल शिडं असतील तर मिरर. १९६३ साली 'डेली मिरर'ने ६३ पौंड ११ शिलिंगांना तिचा किट, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचा संच, विकायला काढला. मिरर ओळखायला आम्हाला शीडही लागत नाही. सांध्यावरची फायबरची पट्टी जिथे उचकटली आहे तिथे हाताचं बोट फिरवा, तांब्याच्या तारेची तुटकी टोकं टोचतात. प्लायचे तुकडे तारेने शिवायचे आणि वरून रेझिन. मलबारच्या किनाऱ्यावर काथ्याने फळ्या शिवायचे, त्याचीच ही दूरची बहीण म्हणा.

किटच्या बोटींत एक मेख आहे. नंबर किटबरोबर मिळायचा, बोट मात्र कुणी त्याच वर्षी बांधली, तर कुणी सात वर्षं गॅरेजमध्ये ठेवून. त्यामुळे नंबरवरून वर्ष काढलं तर ते किट विकल्याचं निघतं. म्हणून आमच्या अहवालात "नंबर दिल्याचं वर्ष" आणि "बोट पाण्यात उतरल्याचं वर्ष" असे दोन रकाने असतात, आणि पुष्कळदा दुसरा रिकामा असतो. रिकामा ठेवल्याबद्दल ग्राहक नाराज होतात. पण अंदाजाने भरलेला रकाना पुढचा मालक खरा मानून चालतो, आणि तो आमच्याच दारात येतो.

अंदाजावरून आठवलं. १९८२च्या एशियाडच्या शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फायरबॉल क्लासमध्ये फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं. तेव्हापासून मुंबईतली प्रत्येक जुनी फायरबॉल म्हणे "तीच". नंबराचा पुरावा आणा, आम्ही आनंदाने लिहून देऊ.

बोट भारतातच बांधलेली असेल तर इंग्लंडच्या यादीत ती नसूही शकते. मग शोध इथेच घ्यावा लागतो: क्लबच्या वह्या, शर्यतींचे निकाल, करंडकांवर कोरलेली नावं. आणि टांडेल, म्हणजे क्लबच्या बोटी सांभाळणारे जुने खलाशी. कागदावर नसलेलं त्यांच्या हातात असतं. मागे एका एंटरप्राइजचा मालक-इतिहास आम्हाला तीन महिने लागत नव्हता. एका निवृत्त टांडेलांना शेडमध्ये आणलं. त्यांनी सेंटरबोर्डच्या पेटीजवळचा ठिगळाचा जोड अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "ह्यो माझा." कुठल्या क्लबात, कोणत्या साहेबांच्या वेळी, सगळं बाहेर आलं. ते आम्ही अहवालात "तोंडी माहिती" म्हणून वेगळं लिहिलं.

लॉइड्सच्या रजिस्टरमध्ये बघा, असंही पुष्कळ जण सुचवतात. ते यॉटचं रजिस्टर होतं आणि १९८० साली बंद झालं. आपल्यासारख्या लहान डिंगी त्यात सहसा सापडत नाहीत.

आधीच्या मालकांचे पत्ते किंवा फोन आम्ही देत नाही, असोसिएशनही देत नाही. तुमचं पत्र मात्र त्यांच्यापर्यंत पोचवायची खटपट करतो. उत्तर द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. गंमत म्हणजे उत्तरं येतात, कधी जुन्या फोटोंसकट.

शोधाची फी १,५०० रुपये, आगाऊ. काही सापडलं नाही तरी ती परत मिळत नाही, कारण पत्रव्यवहाराचं काम तेवढंच होतं. असोसिएशनची माणसं नोकरी-धंदा सांभाळून फुकट हे काम करतात, तेव्हा सहा ते आठ आठवडे धरा आणि मध्ये रोज फोन करू नका. बोट आमच्याकडेच दुरुस्तीला दिलीत तर ही फी बिलातून वजा होते, आणि रंगकाम करताना कोरलेल्या आकड्यांमध्ये पुट्टी भरली जाणार नाही याची जबाबदारी आमची. पावसाळ्यात शेडमध्ये दोनच लाकडी बोटींना जागा आहे. मेच्या मध्यापर्यंत सांगितलंत तर ऑक्टोबरच्या सीझनला बोट पाण्यात असेल. येताना पेन्सिलचा छाप आणा, शीड घरी राहिलं तरी चालेल.