हार्ड डिस्क कुरकुरू लागली तर आधी मशीन बंद करा

डिस्क घेऊन आलेला ग्राहक बहुधा विचारतो, "ही दुरुस्त होईल का?" आम्ही त्याला आधी विचारतो, "आत काय आहे?" नवी डिस्क बाजारात केव्हाही मिळते. दुकानाची जुनी खाती, मुलीच्या बारशाचे फोटो बाजारात मिळत नाहीत. म्हणून या पत्रकातलं सगळं फायली वाचवण्याबद्दल आहे.

नेहमीचं फोल्डर उघडताना मशीन मिनिटभर अडकतं, फोटो अर्धाच दिसतो, विंडोज सुरू व्हायला भलताच वेळ घेतं, ही सुरुवातीची लक्षणं. ठरावीक अंतराने टक्-टक् आवाज येऊ लागला असेल तर मात्र क्षणभरही थांबू नका, मशीन बंद करा. डिस्कच्या आतल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. टक्-टक् आवाज बहुतेक वेळा हेडला आपली जागा सापडत नसल्याचा असतो. ते मागे जातं आणि पुन्हा प्रयत्न करतं. या खटाटोपात हेड तबकडीला घासलं तर वरचा चुंबकीय थर खरवडला जातो. तेवढा भाग मग कोणतीही प्रयोगशाळा परत आणू शकत नाही. "एकदा पुन्हा चालू करून बघू" यानेच सर्वाधिक नुकसान होतं.

आवाज नाही, नुसती संथ झाली आहे, अशा डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये दिसते. त्यात रिअॅलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी पाहा. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा; बिघडलेले किंवा नीट वाचता न येणारे कप्पे या ओळी मोजतात. तिथला कच्चा आकडा (रॉ व्हॅल्यू) शून्य नसेल तर आजच फायली दुसरीकडे न्या. सीआरसी एररचा, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष बऱ्याचदा केबलचा असतो, आणि तो स्वस्तात मिटतो. हे आकडे चांगले दिसले म्हणून निर्धास्त मात्र राहू नका. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये त्या अभ्यासात महत्त्वाच्या ठरलेल्या चारही नोंदी शून्यच होत्या.

आता काय करू नये. विंडोज स्वतःहून डिस्क तपासायला लागलं तर कोणतीही कळ दाबून ते टाळा. ही तपासणी, म्हणजे चेकडिस्क, फाइल सिस्टीम (फायली कुठे आहेत याची डिस्कवरची मांडणी) जुळवते, तुमच्या फायली जपणं हे तिचं काम नाही. मरणाऱ्या डिस्कवर ती तासन्‌तास वाचत-लिहीत राहते. "आधी फॉरमॅट करा" असा निरोप आला तर कॅन्सल. फॉरमॅट केल्यावर डिस्क चांगली झाल्याचं अनेक जण सांगतात. खराब जागेवर नव्याने लिहिलं की पेंडिंगचा आकडा कधीकधी शून्यावर येतो, एवढंच. डिस्क तीच असते. डिस्क फ्रीझरमध्ये ठेवण्याचा सल्ला तर कृपा करून ऐकूच नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते आणखी वाईट. घरी झाकण उघडणं म्हणजे धुळीला आमंत्रण. हरवलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकलं तर ज्या जागेत फायली आहेत तीच पुसली जाऊ शकते.

डिस्क अजून उघडत असेल आणि आवाज नसेल, तर दुसरी डिस्क जोडा आणि सर्वांत मोलाचं आधी कॉपी करा. कट-पेस्ट नको. आख्खा सी ड्राइव्हही एकदम ओढू नका. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि टॅलीचं डेटा फोल्डर आधी, सिनेमे शेवटी. एखादी फाइल अडली तर स्किप करून पुढे जा. जुना मजकूर युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर ते फॉन्टही उचला. ते हरवले की फाइल शाबूत असूनही पडद्यावर निरर्थक चिन्हंच दिसतात. हे पुष्कळांना नंतर कळतं.

आमच्याकडे डिस्क आली की आम्ही तिच्यातून थेट फायली काढत बसत नाही. डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर घेतो. सहज वाचता येणारा भाग तो आधी उचलतो, अवघड जागांची नोंद ठेवतो आणि तिकडे शेवटी वळतो. पुढचं सगळं काम त्या प्रतीवर. हेडच बिघडलं असेल तर आम्ही डिस्क उघडत नाही. ते काम धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेचं आहे आणि खर्चिक आहे. तिकडे पाठवायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं.

एसएसडीचं, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. ती आवाज करत नाही आणि अनेकदा पूर्वसूचनेशिवाय बंद पडते. तिच्यावरून पुसलेली फाइल ट्रिम या, पुसलेल्या फायलींची जागा रिकामी करून टाकणाऱ्या सोयीमुळे सहसा परत मिळत नाही. तिथे बॅकअपला पर्याय नाही.

वॉरंटी असेल तर घाई करू नका. कंपनी बदली डिस्क देते, तुमच्या फायली देत नाही, आणि जुनी डिस्क ठेवून घेते. आधी फायली काढा, मग दावा करा.

येताना डिस्क मऊ कापडात किंवा फोममध्ये गुंडाळून आणा. बाहेरून जोडायची डिस्क असेल तर तिची केबलही. नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क बऱ्याचदा बिटलॉकरने कुलूपबंद असते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडण्याची शक्यता असते, ती काढून ठेवा. तिच्याशिवाय आम्ही घेतलेली प्रतही उघडत नाही. कोणती फोल्डरं आधी हवीत ते कागदावर लिहून द्या. फायली मिळाल्यावर त्या घरी उघडून पाहा आणि आम्हाला कळवा, मगच आम्ही आमच्याकडची प्रत पुसतो.