पावडर कोटिंगने जुनं व्हील मजबूत होतं का?

‘जुन्या व्हीलला पावडर कोटिंग मारलं की ते नव्यासारखं मजबूत होतं,’ असं जळगाव-धुळ्याकडे बाइकवाले एकमेकांना सांगतात. चकाकी पाहून तसं वाटणं साहजिकच. पण हा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा, म्हणजे केसाएवढा. पावडर विजेच्या भाराने चिकटते आणि भट्टीत 180-200 अंशांवर वितळून पक्की होते. त्याने गंज अडतो, रंग टिकतो. तडा मात्र बुजत नाही, उलट झाकला जातो.

म्हणून तपासणी कोटिंगआधी, जुना रंग पूर्ण उतरवून. लाल डाय, म्हणजे तड्यात झिरपणारा पातळ रंग, लावा, दहा मिनिटांनी पुसा, वर पांढरा डेव्हलपर, म्हणजे आत मुरलेला रंग बाहेर ओढणारी पूड, फवारा. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. आधीच रंगवलेलं सेकंडहँड व्हील फिरवून पाहिलं तर वाकडेपणा कळतो, बारीक तडा नाही. मी तरी तसलं घेत नाही.