तालांव भरणे आणि दंड होणे

गोव्यातल्या बातम्यांत एक वाक्य हमखास वाचायला मिळते: "वाहतूक पोलिसांनी अमुक इतक्या चालकांना दंड ठोठावला." या वाक्यातले क्रियापद चुकलेले आहे. मोटार वाहन कायद्याखालील दंड न्यायालय ठोठावते, रस्त्यावरचा पोलीस अधिकारी नव्हे. चूक केवळ भाषेची असती तर मी गप्प बसलो असतो, पण या एका क्रियापदापायी माणसे भरू नयेत तिथे पैसे भरतात, भरावेत तिथे हट्टाने अडून बसतात आणि सगळे भरून झाल्यावर परवाना निलंबनाची नोटीस आली की "आता हे आणखी कशाला?" म्हणून चक्रावतात.

गोंधळाचे मूळ कदाचित आपल्या शब्दातच आहे. घाटापलीकडे ज्याला चलन म्हणतात त्याला आपण तालांव म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज 'talão'वरून आला असून त्याचा मूळ अर्थ पावतीपुस्तकातील स्थळप्रत एवढाच आहे. म्हणजे शब्द कागदाचा आहे, शिक्षेचा नाही. बोलताना मात्र आपण कागद, त्यावरची रक्कम, गुन्ह्याचा आरोप आणि न्यायालयाची शिक्षा या चारही गोष्टींना तालांवच म्हणतो.

तालांव भरायचा कसा हे गोव्यात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. जागेवर भरता येतो, परिवहन खात्याच्या ई-चलन संकेतस्थळावर भरता येतो, पावती जपून ठेवायची असते. व्हॉट्सॲपवर "तुमचे चलन थकले आहे" म्हणून एखादी फाइल आली तर ती उघडायची नाही आणि संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी सरकारी 'जीओव्ही डॉट इन' आहे की नाही ते पाहायचे. एवढे पुरे.

आता जिथे खरोखर पाय घसरतो तिथे येऊ. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम २०० नुसार, त्यात नावानिशी दिलेल्या काही कलमांखालचे गुन्हे खटला उभा राहण्यापूर्वी किंवा राहिल्यानंतरही एक ठरावीक रक्कम घेऊन मिटवता येतात. ती रक्कम किती असावी आणि ती कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने घ्यावी, हे राज्य सरकार अधिसूचनेने ठरवते. या रकमेला तडजोड शुल्क म्हणतात आणि आपण तालांव म्हणून जी रक्कम भरतो ती बहुतेक वेळा हीच असते. पोलीस अधिकारी त्या क्षणी तुम्हाला शिक्षा करत नसतो. "तुमच्यावर हा आरोप आहे, इतकी रक्कम भरलीत तर तो इथेच मिटतो, नाहीतर न्यायालयात जाईल" असा प्रस्ताव तो कायद्याच्या वतीने तुमच्यापुढे ठेवत असतो. तो स्वीकारायचा की नाही हे तुमच्या हातात असते.

तडजोड या शब्दानेही घोळ वाढवला आहे, हे मान्य करायला हवे. आपल्या बोलण्यात तडजोड म्हणजे "पावती नको, अर्ध्यात मिटवा" असे खालच्या आवाजातले काहीतरी, आणि असे म्हणणारे महाभाग आपण काही व्यवहारचतुर गोष्ट करत आहोत अशा थाटात ते म्हणतात. ती लाच आहे. कायद्याच्या तडजोडीला पावती असते, कलमाचा क्रमांक असतो आणि नोंद असते. पावतीविना दिलेल्या पैशांनी काहीही मिटत नाही, कारण मिटल्याचा पुरावाच उरत नाही.

तडजोड शुल्क भरले की त्या गुन्ह्याबद्दल पुढे खटला चालत नाही. खटला नाही म्हणून निकाल नाही आणि निकाल नाही म्हणून दोषसिद्धीही नाही. बोटीवर नोकरीला जाणारे आपले तारवटी किंवा परदेशी जाणारी मुले अर्जातील "तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय?" या प्रश्नापाशी थबकतात आणि हेल्मेटच्या जुन्या तालांवाची आठवण काढून घाबरतात, ती भीती अनाठायी आहे. न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल केला आणि न्यायाधीशाने दंड केला, तर मात्र ती दोषसिद्धी असते, मग रक्कम तितकीच का असेना. हजार रुपये तडजोड म्हणून भरणे आणि हजार रुपये दंड म्हणून भरणे यांत खिशाला फरक पडत नाही, कागदावर मात्र मोठा फरक पडतो.

इथेच वाचक म्हणतो, मग भरला म्हणजे पुसला गेला. तसे नाही, आणि सर्वांत जास्त लोक फसतात ते इथे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०० च्या पोटकलम (२) ला दोन परंतुके (मूळ नियमाला घातलेल्या अटी) जोडली आहेत. पहिले परंतुक म्हणते की तडजोड झालेला गुन्हा हा पुढच्या वेळी 'पूर्वी केलेला तोच गुन्हा' म्हणून मोजला जाईल. म्हणजे दोषसिद्धी नाही, पण मोजणी आहे. विमा नसलेली गाडी चालवल्याबद्दल कलम १९६ मध्ये पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये दंड सांगितला आहे, तर किरकोळ गुन्ह्यांच्या कलम १७७ मध्ये हेच आकडे ५०० आणि १,५०० पर्यंतचे आहेत. पहिला तालांव निमूटपणे भरला असला तरी दुसऱ्या वेळी तुम्ही नवखे ठरत नाही.

दुसरे परंतुक त्याहून बोचरे आहे. तडजोड झाली तरी कलम २०६ च्या पोटकलम (४) खालील कारवाईतून चालकाची सुटका होत नाही, असे ते सांगते. अतिवेग, धोकादायक रीतीने गाडी चालवणे, दुचाकीवर तिघे बसणे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांत पोलीस अधिकारी परवाना ताब्यात घेऊन, त्याची पोच देऊन, तो परवाना प्राधिकरणाकडे पाठवू शकतो, तो या पोटकलमाच्या आधारे. हेल्मेटचे कलम १९४ड शांतपणे वाचले तर त्यात हजार रुपयांच्या जोडीला तीन महिने परवान्यास अपात्र ठरवण्याचीही तरतूद आहे. तिघांच्या स्वारीचे कलम १९४क तसेच आहे. हजार रुपये पोलिसाकडे भरून विषय संपला असे समजणाऱ्या माणसाला काही आठवड्यांनी वाहतूक खात्याची नोटीस येते, तेव्हा त्याला एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा झाल्यासारखे वाटते. शुल्क आणि परवाना हे दोन वेगळे हिशोब आहेत, दोन वेगळ्या खात्यांकडे चालतात आणि एकाची पावती दुसऱ्याकडे चालत नाही. त्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यावे आणि प्रत्यक्ष म्हणणे मांडण्याची संधी मागून घ्यावी. निलंबनाच्या काळात "म्हापशाला जाऊन येतो एवढेच" म्हणून स्कूटर बाहेर काढली, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि त्या फेरीत अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतेच कोलीत मिळते.

काही गुन्ह्यांत तर तडजोडीचा प्रश्नच येत नाही. मद्यपान करून गाडी चालवणे, म्हणजे श्वासचाचणीत १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळणे, हा कलम १८५ चा गुन्हा कलम २०० च्या यादीत नाही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला लागू होणारे कलम १९९अ नाही. धोकादायक चालवण्याच्या कलम १८४ पैकी फक्त गाडी चालवताना मोबाइल हातात धरण्यापुरताच भाग यादीत आहे. त्यामुळे "दारू पिऊन सापडला आणि पोलिसांनी दहा हजारांचा तालांव दिला" हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे वाक्य मुळातच अशक्य कोटीतले आहे. ते दहा हजार न्यायालयाने ठोठावायचे असतात, सोबत सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद असते, आणि तिथे न्यायाधीशासमोर जाणे टळत नाही.

न्यायालयात जाणे म्हणजे पोलिसांच्या निर्णयाविरुद्ध अपील करणे, हा आणखी एक रुजलेला गैरसमज. अपील निर्णयाविरुद्ध असते आणि इथे अजून निर्णय कुणी दिलेलाच नाही. पणजी, म्हापसा, मडगाव किंवा फोंड्याच्या प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जे चालते ती पहिलीच सुनावणी असते आणि आरोप सिद्ध करण्याचे ओझे फिर्यादी पक्षावर असते. पण "कोर्टात गेले की थोडक्यात सुटते" हा चहाच्या टपरीवरचा सल्ला ऐकण्यापूर्वी कलमातील एक शब्द शोधावा: 'पर्यंत'. कलम १७७ मध्ये पाचशे रुपयांपर्यंत असे आहे, म्हणून न्यायाधीशाला कमी करायला जागा आहे. सीटबेल्टच्या कलम १९४ब मध्ये आणि हेल्मेटच्या कलमात सरळ एक हजार रुपये असे आहे. तिथे दोषी ठरल्यावर दयेला वाव कुठला? हलक्या मोटारीच्या अतिवेगाला किमान १,००० आणि कमाल २,००० अशी चौकट आहे. या वाढीव रकमा गोव्यात एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. त्याआधीच्या शंभर रुपयांच्या आठवणी आता उपयोगाच्या नाहीत.

माझे मत विचाराल तर हेल्मेट खरोखरच घातले नव्हते, सिग्नल खरोखरच तोडला होता, तर मुकाट्याने तडजोड करावी. तत्त्वाच्या नावाखाली न्यायालयाचा आणि स्वतःचा दिवस खर्ची घालण्यात काही शौर्य नाही. न्यायालयाचा रस्ता राखून ठेवावा तो आरोपच चुकीचा असेल तेव्हासाठी, आणि कॅमेऱ्यांच्या काळात असे प्रसंग येतात. पणजीजवळच्या मेरशीच्या चौकात २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रणा बसली. अशी यंत्रे पाटीवरचा आठ तीन वाचू शकतात, आणि मग घरासमोर उभ्या असलेल्या स्कूटरला कधी न गेलेल्या चौकातला तालांव येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २०२१ च्या नियम १६७अ नुसार कॅमेऱ्याच्या नोटिशीसोबत गुन्हा आणि नंबरपाटी दिसेल असे स्पष्ट छायाचित्र, यंत्राचे मोजमाप, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम हे सगळे असायला हवे. नोटीस गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत पाठवायला हवी. आणि यंत्राला दरवर्षी नूतनीकरण करावे लागणारे मान्यता प्रमाणपत्र हवे. छायाचित्रातली गाडी तुमची नसेल, तर प्रथम ई-चलन संकेतस्थळावरच तक्रार नोंदवावी, गाडीचे समोरून आणि मागून छायाचित्र जोडावे आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. मात्र आधी पैसे भरून मग तक्रार करण्याचा शहाणपणा करू नये. तडजोड स्वीकारल्यावर भांडायला आरोप उरत नाही, हे आतापर्यंत लक्षात आले असेलच.

गाडी तुमची, पण चालवणारा दुसरा, असे असेल तर वाट निराळी. कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, चेहरा नाही, म्हणून नोटीस नोंदणीकृत मालकाला येते. कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी मागितल्यास चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा तपशील देणे मालकावर बंधनकारक आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या दुचाक्या देणाऱ्यांनी तर भाडेकरूच्या परवान्याची प्रत, गाडी दिल्याची व परत घेतल्याची तारीख आणि वेळ यांची वही ठेवल्यावाचून हा धंदा करूच नये.

न भरता नुसते बसून राहणाऱ्यांचा एक आवडता मंत्र आहे: सहा महिने गेले की तालांव मरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीचा कायदा, हिच्या कलम ५१४ नुसार केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय सहा महिन्यांनंतर घेऊ शकत नाही, हे खरे. पण ही मुदत प्रकरण न्यायालयात पोचण्याची आहे, तुम्हाला समन्स मिळण्याची नाही. कैदेची तरतूद असलेल्या गुन्ह्यांना मुदत अधिक मिळते. आणि पुरेसे कारण असल्यास न्यायालय विलंब माफही करू शकते. त्यामुळे नोटिशीवर छापलेली मुदत पाळावी, मंत्र नव्हे. लोकअदालतीचेही असेच. ती तडजोडीचीच जागा आहे, म्हणून तडजोड न होणारा दारूचा गुन्हा तिथे सुटत नाही, आणि तिथला निवाडा अंतिम असल्याने त्यावर अपील नाही.

वाहतूक पोलीस आणि वाहतूक खात्याचे निरीक्षक दोघेही तालांव देतात. भरताना फरक पडत नाही, तक्रार कुणाकडे करायची एवढाच पडतो. पालिकेची पार्किंगची पावती हे शुल्क आहे, गुन्हा नव्हे. तिचा या विषयाशी संबंध नाही.

गाडी विकली असेल तर मात्र थांबा. त्याच राज्यात विकल्यास मालकाने चौदा दिवसांत हस्तांतरणाची खबर द्यायची असते. ती दिली नसेल, तर दोन वर्षांपूर्वी साखळी शहरात विकलेल्या मोटारसायकलचे तालांव आजही तुमच्याच मोबाइलवर येत राहतील, आणि कलम १३३ खाली चालक कोण हे सांगायची पाळीही तुमच्यावरच येईल.