शेअर वाढणार की पडणार, हे न विचारता

एक शेअर आज 100 रुपयांना आहे. महिन्याने तो एक तर 120 होईल, नाही तर 90. तिसरी शक्यता नाही असं धरू. महिन्याने तो 105 ला घ्यायचा हक्क, म्हणजे कॉल ऑप्शन, कुणी देऊ केला तर प्रीमियम किती मोजायचा? घ्यायची सक्ती नाही. परवडलं तर घ्यायचा, नाही तर हक्क सोडायचा.

भाव चढला तर 15 रुपये सुटतात, पडला तर शून्य. कुणीही आधी विचारेल, चढायची शक्यता किती? गंमत म्हणजे ते कळायची गरजच नाही. अर्धा शेअर घ्या, 50 रुपयांचा. त्यातले 45 उसने आणा (व्याज तूर्त विसरू). भाव 120 झाला तर हातात 60, उसने फेडून 15. भाव 90 झाला तर 45, तेही उसन्यात गेले. हुबेहूब ऑप्शनच! खिशातून गेले 5, म्हणून ऑप्शनची किंमत 5. बाजारात तो 7 ला जात असेल, तर तो विकून ही जोडी घेणारा बिनधोक 2 रुपये मारेल. तेजीवाला असो की मंदीवाला, दोघांचं उत्तर एकच. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चक्क हातचलाखी वाटली होती.

ऑप्शनच्या किमतीचं ब्लॅक आणि शोल्स या अर्थतज्ज्ञांचं अवघड गणिताचं सूत्र 1973 मध्ये आलं. कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाईन यांनी 1979 मध्ये तोच विचार अशा झाडावर मांडला. महिन्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला दोन फांद्या. चढून पडलं काय नि पडून चढलं काय, भाव तोच, म्हणून फांद्या पुन्हा जुळतात. 30 पायऱ्यांनंतर टोकं फक्त 31. जुळल्या नसत्या तर 107 कोटींवर गेली असती. हिशोब टोकांपासून सुरू करून उलटा बुंध्याकडे आणायचा.

उलटं येण्याचा खरा फायदा मुदतीआधी कधीही वापरता येणाऱ्या 'अमेरिकन' ऑप्शनला होतो. 100 ला विकायचा हक्क (पुट) आहे आणि भाव 40 वर आलाय. आत्ता वापरला तर 60 मिळतात. पुढच्या पायरीलाही भाव 100 च्या खालीच राहणार असेल आणि पायरीला 5 टक्के व्याज असेल, तर त्या 100 चे आजचे 95.24, त्यातून शेअरचे आजचे 40 गेले, उरले 55.24. मग थांबायचं कशाला? झाड प्रत्येक गाठीवर हीच तुलना करतं. ब्लॅक-शोल्सच्या सूत्रात तिला जागा नाही. आपल्या एनएसईवर (राष्ट्रीय शेअर बाजारात) शेअरचे ऑप्शन 2001 पासून याच प्रकारचे होते. 2011 पासून ते युरोपियन झाले, म्हणजे फक्त एक्स्पायरीलाच वापरायचे.

एक्सेलमध्ये झाड लावून पायऱ्या वाढवत गेलात, तर साध्या युरोपियन ऑप्शनचं उत्तर सूत्राच्या किमतीकडे सरकतं, पण सरळ नाही. स्ट्राइक, म्हणजे हक्कात ठरलेली किंमत, चालू भावाएवढी असेल तर सम पायऱ्यांना एका बाजूला आणि विषम पायऱ्यांना दुसऱ्या बाजूला हेलकावतं. मी 50 आणि 51 पायऱ्यांची सरासरी घेतो.