रोहू आणि कटला: ओळख तोंडावरून, स्वयंपाक काट्यांवरून

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही. त्यामुळे खान्देशातल्या मांसाहारी घरांत मासळी म्हटले की एकतर सुकट-बोंबील आठवतात किंवा आठवडे बाजारात मिळणारा गोड्या पाण्यातला मासा. हा ताजा मासा बहुतेक वेळा रोहू तरी असतो किंवा कटला. घेणारा मात्र ‘एक किलो मासा द्या’ एवढेच म्हणतो, पिशवीत दोहोंपैकी काय आले हे पाहत नाही आणि घरी मटणाच्या रश्श्याचीच रीत त्यालाही लावतो. मग जेवताना काट्यांनी जीव मेटाकुटीला येतो, मुले ताट बाजूला सारतात आणि पुढचे काही महिने घरात मासा येत नाही. माशाविषयीच्या या नावडीला मासा फारसा जबाबदार नाही, असे माझे मत आहे. रोहू आणि कटला हे वेगवेगळ्या अंगाचे मासे आहेत. त्यांना वेगळे ओळखून वेगळे रांधले, तर निम्म्याहून अधिक तक्रारी आपोआप मिटतात.

ओळखण्याची सर्वांत खात्रीची जागा म्हणजे तोंड. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला उघडते, खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि त्याला मिशा नसतात. रोहूचे तोंड थोडे खालच्या अंगाला असते, ओठ जाड आणि कडेला झालरीसारखे असतात, आणि नीट पाहिले तर बारीक मिशाही दिसतात. दुसरी खूण डोक्याची. कटल्याचे डोके त्याच्या अंगाच्या मानाने फारच मोठे आणि रुंद असते, तर रोहूचे डोके लहान व निमुळते असते. अंगाने कटला उंच आणि पोटाशी फुगीर दिसतो, पाठीवर करडा आणि बाजूंनी चांदीसारखा असतो. रोहू लांबट असतो आणि त्याच्या खवल्यांवर व परांवर तांबूस छटा असते. रंग पाण्यानुसार आणि बर्फात राहिल्याने बदलतो, म्हणून एकट्या रंगावर विसंबू नये. तोंड आणि डोके बदलत नाही. मासा आधीच कापून ठेवलेला असेल तर ओळख पटणे अवघड होते, म्हणून शक्यतो अख्खा मासा पाहूनच घ्यावा आणि समोर कापून घ्यावा.

तोंडाच्या या ठेवणीमागे कारण आहे. कटला पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि तिथे तरंगणारे सूक्ष्म प्राणिजीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात वावरतो आणि शेवाळ, वनस्पतींचे कुजके अवशेष असे अन्न घेतो. तिसरा भाऊबंद मृगळ तळाशी चरतो. एकाच पाण्यात राहूनही तिघांचे अन्न बरेचसे वेगळे असल्याने मत्स्यपालक हे तिन्ही मासे एकाच तळ्यात एकत्र सोडतात, आणि म्हणूनच ते एकाच जाळ्यात, एकाच टोपलीत आणि एकाच भावफलकाखाली आपल्यासमोर येतात. गोंधळाचे मूळ इथे आहे. काही वेळा मत्स्यबीज केंद्रात रोहू-कटला यांचा संकरही होतो, आणि अशा माशाचे डोके मध्यम असल्याने विकणाराही घटकाभर अडखळतो.

मुळात हे मासे तापी खोऱ्यातले नव्हेत. त्यांचे माहेर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात आहे. पावसाळ्यात पुराच्या वाहत्या पाण्यात त्यांची वीण होते आणि साचलेल्या तळ्यात ते आपणहून अंडी घालत नाहीत, त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १९५७ मध्ये ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी, के. एच. अलिकुन्ही यांच्या साथीने, माशाच्या पीयूष ग्रंथीचा (मेंदूच्या तळाशी असणाऱ्या, संप्रेरके स्रवणाऱ्या ग्रंथीचा) अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांची वीण घडवून आणली. त्या यशाची आठवण म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यपालक दिन मानला जातो. त्यानंतर मत्स्यजिरे (माशांची नुकतीच जन्मलेली पिल्ले) आणि मत्स्यबोटुकली (बोटाएवढी वाढलेली पिल्ले) हुकमी मिळू लागली आणि देशभरच्या जलाशयांत हे मासे सोडता आले. आपल्याकडे भुसावळजवळचे हतनूर, वाघूर, गिरणा ही धरणे आणि नवापूर तालुक्यापर्यंत पसरलेले गुजरातमधल्या उकाई धरणाचे फुगवट्याचे पाणी ही मासेमारीची ओळखीची ठिकाणे आहेत. भोई आणि कोळी समाजातल्या अनेक कुटुंबांचे पोट या पाण्यावर आहे. याखेरीज आंध्र प्रदेशातल्या तळ्यांतला मासा बर्फात भरून देशभरातल्या बाजारांत जातो आणि त्यात रोहूचे प्रमाण मोठे असते. स्थानिक मासा मिळत असेल तर तोच घ्यावा, कारण ताजेपणात त्याची बरोबरी बर्फातला मासा करू शकत नाही. कल्ले उचलून पाहिले की आत लालभडक रंग दिसला पाहिजे, डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, आणि बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. तपकिरी कल्ले आणि खोल गेलेला डोळा दिसला तर भाव कितीही उतरला तरी घेऊ नये.

आता काट्यांविषयी, कारण खान्देशातल्या घरात मासा नकोसा होण्याचे खरे कारण हेच आहे. रोहू आणि कटला दोघांच्याही मांसात फासळ्यांखेरीज सुटे, दुफाट्या टोकांचे बारीक काटे असतात. ते पाठीच्या मांसात आणि शेपटीकडे दाटीने असतात. पोटाकडच्या भागात मात्र मुख्यतः फासळ्या असतात; त्या मोठ्या, वाकड्या आणि डोळ्यांना सहज दिसणाऱ्या असल्याने बोटाने काढता येतात. म्हणून नवख्याला किंवा मुलाला वाढताना पोटाकडचा तुकडा द्यावा आणि शेपटीचा तुकडा सरावलेल्या माणसाने घ्यावा. अर्ध्या किलोच्या आतला मासा घेणे हे काट्यांना आमंत्रण असते, कारण लहान माशात काटे तेवढेच असतात पण केसासारखे बारीक असतात. दीड-दोन किलोच्या पुढच्या माशात ते जाड होतात आणि जिभेला आधीच सापडतात. कटला झपाट्याने वाढतो, त्यामुळे मोठा कटला बाजारात मिळणे तुलनेने सोपे असते, आणि काट्यांची भीती असलेल्या घराने सुरुवात कटल्याच्या पोटाच्या तुकड्यांपासून करावी, असे मी सुचवेन.

रोहूचे बारीक काटे आटोक्यात आणण्याची एक जुनी युक्ती आहे आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. मासा मधोमध चिरून त्याच्या दोन फाका करतात. फाक कातडीच्या बाजूने पाटावर ठेवून धारदार सुरीने मांसावर आडवे काप घेत जातात. कापांमधले अंतर तीन-चार मिलिमीटरांहून अधिक नसते. सुरी मांसातून उतरते, प्रत्येक वेळी बारीक करकर असा आवाज येतो आणि कातडीशी पोहोचताच हात थांबतो, कारण कातडी कापली गेली तर फाक तव्यावर विखुरते. त्या आवाजाबरोबर प्रत्येक काटा दोन-तीन ठिकाणी तुटलेला असतो. मग मीठ, हळद, लिंबू, लसूण-आल्याचे वाटण आणि तिखट लावून अर्धा तास ठेवायचे, तांदळाच्या पिठात थोडा रवा मिसळून त्यात घोळवायचे आणि शेंगदाण्याच्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस तळायचे. तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात आणि चावताना जाणवेनासे होतात. घाईने मोठ्या आचेवर तळल्यास वरून रंग येतो पण काटा ओलाच राहतो, त्यामुळे इथे संयम हवाच. कटल्याच्या जाड तुकड्याला ही रीत फारशी मानवत नाही. त्याचे काटे तुटूनही टणक राहतात.

कटल्याचे खरे स्थान रश्श्यात आहे. त्याच्या मोठ्या डोक्यात आणि पोटाच्या पडद्यात स्निग्धता असते, ती उकळताना रश्श्यात उतरते आणि त्याला दाटपणा देते. कांदा आणि सुके खोबरे आचेवर थेट भाजून, लसूण, आले व कोथिंबिरीसह वाटून, काळा मसाला घालून आपण जो रस्सा करतो तोच इथे चालतो, फक्त काळा मसाला मटणाला लागतो त्याच्या निम्माच घालावा, कारण माशाचा स्वाद त्याच्याखाली पार दबून जातो. रस्सा आधी पूर्ण उकळून तयार करावा, त्यात चिंचेचा कोळ घालावा आणि मगच तुकडे सोडावेत. त्यानंतर मंद आचेवर आठ-दहा मिनिटे पुरेशी होतात. मटणासारखे तासभर शिजवले तर मासा मऊ होत नाही. तो कोरडा पडतो आणि फुटतो. चमचा फिरवू नये, पातेले कडेला धरून हलवावे. हा रस्सा ज्वारीच्या किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर उत्तम लागतो. डोके खाण्याची सवय नसलेल्या घराने मात्र हे लक्षात ठेवावे की कटल्याचे बरेचसे वजन डोक्यातच जाते. त्या घराला किलोमागे अधिक मांस रोहूत मिळेल.

रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना तिसरी वाटही खुली आहे. केळीचे पान आचेवर फिरवून मऊ करावे, म्हणजे ते दुमडताना फाटत नाही. त्यात कटल्याचे पोटाचे तुकडे लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबाचे वाटण लावून गुंडाळावेत व झाकण ठेवून तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावेत. तेल जवळजवळ लागत नाही, आणि घरात वास पसरत नाही, ही गोष्ट अनेक गृहिणींना महत्त्वाची वाटते.

वासाची गोष्ट निघालीच आहे तर तीही स्पष्ट करायला हवी. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास हा मासा शिळा असल्याचे लक्षण नसते. पाण्यातल्या काही सूक्ष्मजीवांपासून जिओस्मिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो माशाच्या चरबीत, कातडीत आणि कुशीतल्या काळसर मांसात साठतो. तो दोन्ही माशांत येऊ शकतो, आणि उन्हाळ्यात पाणी आटून त्यात शेवाळ माजते तेव्हा अधिक जाणवतो. आंबट पदार्थाने त्याचा जोर कमी होतो, म्हणून चिंच, लिंबू किंवा आंबट ताक यांना इथे नुसत्या चवीपलीकडचे काम असते. पोटाच्या आतला काळा पापुद्रा खरवडून काढावा, कल्ले पूर्ण काढावेत आणि तुकडे मीठ-हळदीने चोळून धुवावेत. पित्ताशय फुटू न देता काढून टाकणे मात्र दोन्ही माशांत सारखेच आवश्यक आहे, आणि ते केवळ कडवटपणासाठी नाही. काही ठिकाणी माशाचे पित्त औषध समजून गिळतात. रोहूसारख्या माशांच्या पित्तातील विषाने मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या नोंदी भारतीय वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि शिजवल्याने ते विष नाहीसे होत नाही.

पोषणाच्या बाबतीत दोघांत विशेष अंतर नाही. १०० ग्रॅम मांसात साधारण १६ ते १९ ग्रॅम प्रथिने मिळतात आणि चरबी कमीच असते. जून आणि जुलैमध्ये राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, त्या काळात ताज्या मासळीसाठी आपली भिस्त याच दोघांवर असते. तेव्हा मासेवालीकडे जाताना काय रांधायचे हे आधी ठरवावे. तळायचे असेल तर एक-दीड किलोचा रोहू मागावा आणि ‘मावशी, मधून चिरून फाका करून द्या’ असे सांगावे. रस्सा करायचा असेल तर दोन किलोच्या पुढचा कटला घ्यावा, आडवे तुकडे करून घ्यावेत, आणि डोके दोन भागांत फोडून, कल्ले काढून, वेगळे बांधून घ्यावे.